जो मेडिसिन क्रो : चार पराक्रम आणि पुढची सत्तर वर्षे

माळरान (धागाकर्ता)

मध्यंतरी सगळ्या कौटुंबिक ग्रुपांवर एक ढकलपत्र फिरत होतं : 'नाझींचे पन्नास घोडे पळवणारा शेवटचा रेड इंडियन सरदार'. सोबत गरुडपिसांचा टोप घातलेल्या एका म्हाताऱ्याचा फोटो. गोष्ट मुळात खरी आहे. पण हा माणूस १०२ वर्षं जगला, त्यातली युद्धाची फार तर दोन-तीन. बाकीच्या आयुष्याबद्दल त्या पत्रात अवाक्षर नव्हतं, म्हणून हा धागा काढतोय.

जो मेडिसिन क्रो. जन्म २७ ऑक्टोबर १९१३, मोंटाना राज्यातल्या क्रो जमातीच्या राखीव प्रदेशात, लॉज ग्रास गावाजवळ. ही माणसं स्वतःला ॲप्सालोके म्हणवतात. १८५१च्या तहात त्यांच्याकडे ३ कोटी ८० लाख एकर मुलूख होता. १८६८च्या तहानंतर ८० लाख एकर उरला आणि आजचा राखीव प्रदेश जेमतेम २३ लाख एकरांचा. हे आकडे आधीच देतोय, कारण पुढची सगळी कथा याच आकसत्या जमिनीवर घडते.

वडिलांचे वडील म्हणजे थोरले मेडिसिन क्रो, जमातीचे नावाजलेले सरदार. आईचं माहेर यलोटेल घराण्याचं. आणि 'व्हाइट मॅन रन्स हिम' नावाचे गृहस्थ हे जोचे सावत्र आजोबा. १८७६ साली लाकोटा-शायेन जमातींनी अमेरिकी सेनाधिकारी कस्टरला पाडलं त्या लिटल बिगहॉर्नच्या लढाईत कस्टरच्याच सातव्या घोडदळासाठी वाटाड्याचं काम केलेल्या सहा क्रो तरुणांपैकी एक. ते १९२९पर्यंत होते, म्हणजे जो पंधरा वर्षांचा होईपर्यंत. अमेरिकेत ज्या लढाईवर ढीगभर पुस्तकं निघाली, तिची हकिकत या पोराने घरात बसून ऐकली.

आईकडच्या आजोबांनी त्याला लढवय्या म्हणूनच वाढवायला घेतलं. बर्फात अनवाणी पळवायचं, गोठलेल्या नदीत आंघोळ घालायची. गंमत म्हणजे तोवर जमातींमधली युद्धं संपून बराच काळ लोटला होता. घोडे पळवायला जायची सोय नव्हती, शत्रू उरला नव्हता. आजोबा नातवाला एका अशा परीक्षेसाठी तयार करत होते जी होणारच नव्हती.

आणि घोडे? १९२०च्या दशकात सरकारने क्रो प्रदेशात मोकळे चरणारे हजारो घोडे गोळ्या घालून मारवले. कुरणं गुराढोरांसाठी हवी होती. घोड्यावरच ज्यांची श्रीमंती, लग्नातली देवघेव आणि इज्जत मोजली जायची, त्यांच्या डोळ्यांदेखत हे झालं. जो तेव्हा शाळकरी वयाचा होता. ढकलपत्रातले ते पन्नास घोडे वाचताना हे हजारो घोडे डोळ्यांपुढे ठेवा, एवढंच म्हणणं आहे.

शिक्षण : मिशनची शाळा, मग ओक्लाहोमातलं बेकोन कॉलेज, ऑरेगनमधल्या लिनफिल्डची पदवी (१९३८) आणि १९३९ला सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातून मानववंशशास्त्रात एम.ए. क्रो पुरुषांमध्ये पहिलाच. प्रबंधाचा विषय : युरोपीय संस्कृतीशी संबंध आल्यावर क्रो लोकांच्या आर्थिक, सामाजिक, धार्मिक जीवनावर झालेले परिणाम. पीएच.डी.चं काम सुरू केलं होतं, तेवढ्यात युद्ध आलं. काही काळ ब्रेमर्टनच्या नौदल गोदीत काम करून १९४३ला फौजेत भरती. १०३ इन्फन्ट्री डिव्हिजनमध्ये टेहळ्या.

आता ते चार पराक्रम. क्रो परंपरेत लढाऊ सरदार व्हायचं तर चार गोष्टी कराव्या लागतात : जिवंत शत्रूला हात लावणं, त्याचं हत्यार काढून घेणं, स्वतः पुढे होऊन टोळी नेणं आणि मोहीम फत्ते करून परतणं, शत्रूचा घोडा पळवणं. यात शत्रूला मारणं कुठेच नाही, हे लक्षात घ्या.

जो लढाईवर जाताना गणवेशाखाली दंडांवर लाल पट्टे ओढायचा आणि हेल्मेटच्या आत पिवळं रंगवलेलं गरुडाचं पीस ठेवायचा. जर्मनीच्या हद्दीवर झीगफ्रीड रेषा या जर्मन तटबंदीपाशी वरिष्ठांनी त्याला सात जण देऊन सुरुंगाची दारू आणायला पाठवलं. गोळीबारातून जाऊन ती आणली, बंकर उडवले. पुढे एका गावात गल्लीच्या कोपऱ्यावर वळताना एका जर्मन सैनिकाशी समोरासमोर टक्कर झाली. जोने त्याची रायफल उडवली आणि स्वतःचीही बाजूला टाकून झोंबी घेतली. गळा आवळलेला असताना तो पोरगा 'मामा' म्हणून आईचा धावा करू लागला, तेव्हा जोने हात सोडले. चारांतल्या दोन गोष्टी तिथेच झाल्या.

शेवटची घोड्यांची. मागे हटणारे हिटलरच्या एसएस दलाचे काही अधिकारी घोड्यांवरून चालले होते. रात्री ते एका शेतवाडीत उतरले. पहाटे, हल्ला सुरू व्हायच्या आधी, जो एका साथीदारासह घोड्यांच्या वाड्यात शिरला, दोरीचा लगाम करून एकावर बसला आणि बाकीचे, पन्नासेक, हाकलत बाहेर काढले. लांब आल्यावर त्याने घोडे फेर धरतात तसे फिरताना पाहिले आणि मोठ्याने एक क्रो मानगीत म्हटलं. जर्मन युद्धाच्या शेवटच्या महिन्यांत, एम.ए. झालेला माणूस!

मला यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग पुढचा वाटतो. आपण चारही गोष्टी केल्यात हे त्याच्या तिथे लक्षातच आलं नव्हतं. युद्धावरून परतल्यावर जमातीच्या वडीलधाऱ्यांनी रिवाजाप्रमाणे बसवून विचारलं, काय केलंस ते सांग. तो सांगत गेला, ते मोजत गेले. सरदारकी त्या बैठकीत मिळाली.

नंतर १९४८ला जमातीने त्याला आपला इतिहासकार नेमलं. १९५१ ते १९८२ ब्यूरो ऑफ इंडियन अफेअर्समध्ये, म्हणजे मूलनिवासींचा कारभार बघणाऱ्या सरकारी खात्यात नोकरी. आणि सोबत वृद्धांच्या तोंडून जे जे मिळेल ते टिपणं, शिकवणं, सांगणं, जे शेवटपर्यंत थांबलं नाही. ३ एप्रिल २०१६ला बिलिंग्ज इथे निधन.

सवडीने अजून लिहीन. तोवर बोला.

---

रेवदंडा_रिटर्न्स

जबरदस्त! घोड्यांचा आधीचा संदर्भ अजिबात माहीत नव्हता. ढकलपत्र मीही पुढे ढकललं होतं बहुतेक. 😀

---

उलटतपासणी

लेख चांगला, पण माझा नेहमीचा प्रश्न. चारही पराक्रमांचा पुरावा काय? सांगणारा तोच, मोजणारे त्याचेच नातलग. फौजेच्या कागदांत 'घोडे पन्नास' अशी नोंद असेल असं वाटत नाही. कॉलेजात मानववंशशास्त्र शिकलेल्या माणसाला आपल्या जमातीची चार पराक्रमांची यादी पाठ असणार. मग आयुष्य त्या यादीत बसवून सांगणं किती सोपं! खोटं बोलला असं म्हणत नाहीये. आठवणी आकार घेतात एवढंच.

---

माळरान

रास्त प्रश्न. कागदावर सापडतं ते एवढं : तो १०३ डिव्हिजनमध्ये होता, अमेरिकेचा ब्राँझ स्टार मिळाला, २००८ला फ्रान्सने लीजन ऑफ ऑनर दिला. बाकीचे तपशील त्याच्या सांगण्यातून येतात. घोड्यांची गोष्ट जगभर पोचली ती २००७च्या एका टीव्ही माहितीपट मालिकेतल्या त्याच्या मुलाखतीमुळे.

पण 'मोजणारे नातलग' हे तुम्ही आपल्या चष्म्यातून म्हणताय. क्रो लोकांत पराक्रम सांगायचा तो चारचौघांत, उभं राहून, नावगाव-जागेसकट. ऐकणाऱ्यांत तो प्रसंग पाहिलेला कुणी असला तर तिथल्या तिथे टोकायचा हक्क त्याला असतो आणि खोटा दावा केलेल्याची पिढ्यान् पिढ्या थट्टा होते. ती एक साक्ष नोंदवण्याची रीतच होती, फक्त कागदावरची नव्हती.

आणि या घराण्याला अविश्वासाचा जुना अनुभव आहे. १९०८च्या सुमारास छायाचित्रकार एडवर्ड कर्टिसला तिघा क्रो वाटाड्यांनी लिटल बिगहॉर्नची रणभूमी हिंडून दाखवली. त्यांत व्हाइट मॅन रन्स हिमही होते. त्यांचं म्हणणं असं की खाली कस्टरच्याच हाताखालच्या रेनो या अधिकाऱ्याची तुकडी मार खात असताना कस्टर वर टेकाडावरून बघत राहिला, मदतीला गेला नाही. कर्टिसने हे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टना कळवलं. रूझवेल्टांचा सल्ला पडला की इतक्या वर्षांनंतरच्या आठवणींवर विसंबताना जपून. कर्टिसनेही ते गाळलं. राष्ट्रीय नायकाच्या पुतळ्याला तडा कसा जाऊ द्यायचा? डोळ्यांनी पाहिलेल्या तिघांपेक्षा तिथे नसलेल्यांच्या कल्पना जास्त विश्वासार्ह ठरल्या.

जोने पुढे आयुष्यभर तोंडी साक्षी गोळा केल्या त्यामागे हे असणार, असा माझा तर्क. तर्कच, त्याने तसं लिहिलंय असं मी म्हणत नाही.

---

उलटतपासणी

कर्टिसचा किस्सा पटला. पण वाटाड्यांच्या साक्षीतही आपसात फरक आहेत ना? कर्ली या वाटाड्याच्या जबान्या तर मुलाखत घेणाऱ्यागणिक बदलतात असं वाचलंय.

---

माळरान

आहेत. दुभाष्यांच्या चाळणीतून गेलेल्या जबान्या त्या. म्हणून तर भाषा येणारा, पद्धत शिकलेला आणि घरचा, असा तिहेरी माणूस मिळणं महत्त्वाचं होतं. उशिराच मिळाला, हे खरं.

---

विद्रोही_वाटसरू

मला वेगळंच टोचतंय. ज्या सरकारने जमीन खाल्ली, घोडे मारले, १८८३च्या नियमांनी सूर्यनृत्यासकट धर्मविधींवर बंदी घातली, त्याच सरकारच्या गणवेशात जाऊन लढायचं आणि त्याचा अभिमान? देशातल्या सगळ्या मूलनिवासींना नागरिकत्वच मुळी १९२४च्या कायद्याने मिळालं. म्हणजे जो जन्मला तेव्हा त्याच्या लोकांपैकी कितीतरी जण आपल्याच भूमीत नागरिकसुद्धा नव्हते. त्यात हे घराणं आधीपासूनच घोडदळाचं वाटाडं. लाकोटा लोकांनी यांना काय म्हटलं असेल?

---

सुभेदाराची_लेक

वाटसरू, रागावू नका, पण हा प्रश्न फौजेबाहेरची माणसंच विचारतात. माझ्या वडिलांना विचारलं असतं कुणासाठी लढलात, तर ते आधी पलटणीचं नाव घेत. मग गावाचं. सरकार फार नंतर यायचं, तेही पेन्शनच्या कागदांपुरतं. जोने हेल्मेटखाली पीस ठेवलं ते अमेरिकेसाठी नव्हे. त्याच्या आजोबांनी ज्यासाठी बर्फात पळवलं त्यासाठी ठेवलं असणार.

---

विद्रोही_वाटसरू

ताई, राग कसला. मुद्दा मान्य, पण त्याने राज्यसंस्थेला फुकट शौर्य मिळतं हेही तितकंच खरं.

---

माळरान

दोघांच्या मध्ये पडतो. क्रो लोकांचं घोडदळाच्या बाजूने जाणं हा भाबडेपणा नव्हता. लाकोटा, शायेन या संख्येने मोठ्या जमाती त्यांच्या मुलखात घुसत होत्या. लिटल बिगहॉर्नची लढाई झाली तीच मुळी क्रो राखीव प्रदेशात. त्यांचे सरदार प्लेन्टी कूज यांचा हिशेब सरळ होता : गोरे येणारच आहेत, त्यांच्याशी दोस्ती करून जमिनीचा गाभा तरी राखू. १९२१ला आर्लिंग्टनला अनाम सैनिकाच्या समाधीवर मूलनिवासींच्या वतीने आपला टोप आणि मानकाठी ठेवली ती याच प्लेन्टी कूजनी.

हिशेब बरोबर ठरला का? अर्धा. डाकोटातल्या जमातींच्या तुलनेत क्रो आपल्या मूळ डोंगरनद्यांपाशी राहिले. पण ८० लाखांचे २३ लाख एकर झाले ते दोस्ती असतानाच. दोस्तीचंही भाडं वसूल झालं.

आणि दुसऱ्या महायुद्धात २५ हजारांहून जास्त मूलनिवासी लढले. सगळ्यांना राज्यसंस्थेचे भाट म्हणता येणार नाही.

---

आतेबहीण

मानववंशशास्त्राच्या अभ्यासक्रमात 'क्रो नातेपद्धती' नावाचं प्रकरण होतं. परीक्षेपुरतं घोकलं आणि सोडून दिलं. तीच ही मंडळी का?

---

माळरान

तीच! कूळ आईकडून चालतं. आतेभावाला वडिलांच्या पंगतीत बसवतात, कारण तो वडिलांच्या कुळातला. आणि माणसाची जाहीर स्तुती करायचं काम त्या वडिलांच्या कुळाचं. ते नाव ठेवतात, त्याच्यासाठी मानगीत गातात. ज्याची स्तुती झाली त्याने मग त्यांना घोंगड्या, पैसे, घोडे वाटायचे. म्हणजे सत्कारमूर्ती शाल-श्रीफळ घेऊन घरी जात नाही, खिसा रिकामा करून जातो. आपल्याकडच्या काही पुढाऱ्यांना ही पद्धत लावावी असा एक प्रस्ताव. 😉

---

रेवदंडा_रिटर्न्स

अनुमोदन. अध्यक्षमहोदयांपासून सुरुवात करा.

---

पाचवा_कोपरा

एक शंका. इंग्रजी बातम्यांत याला 'क्रो जमातीचा शेवटचा सरदार' म्हटलंय. मग आता जमात कोण चालवतं?

---

माळरान

बातम्यांनी दोन गोष्टींची सरमिसळ केली. मुख्य सरदार हे पद प्लेन्टी कूजबरोबर संपलं. ते १९३२ला गेले आणि जमातीने त्या जागी कुणाला बसवलं नाही. कारभार निवडून आलेला अध्यक्ष आणि त्याचं मंडळ बघतं. जो होता तो लढाऊ सरदार, चार पराक्रमांवर मिळणारा मान. त्याला ना खुर्ची, ना सही, ना निधी. आता तसे चारही पराक्रम करण्याची शक्यताच जवळपास उरली नाही म्हणून 'शेवटचा'. ड्रोनवाल्याकडे घोडा कुठला?

त्याच्या पुढारीपणाचा गाभा मला इथे दिसतो. अध्यक्ष बदलत राहिले, जमातीतले गट भांडत राहिले, पण जमिनीचा जुना वाद निघाला, एखाद्या टेकडीशी कोणाचा विधी जोडलाय हे ठरवायचं झालं, पाहुण्याला कसं बोलवायचं असा प्रश्न पडला की लोक या माणसाच्या दारात जायचे. सत्ता नसलेला, पण ज्याला विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही असा. क्रो एजन्सी नावाच्या गावातलं लिटल बिगहॉर्न कॉलेज, १९८०चं, जमातीचं स्वतःचं. त्याच्याशीही तो शेवटपर्यंत जोडलेला होता.

१९९९ला संयुक्त राष्ट्रांत बोलला. १२ ऑगस्ट २००९ला ओबामांनी प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम घातलं. त्या दिवशीच्या रांगेत स्टीफन हॉकिंग, डेस्मंड टुटू, मुहम्मद युनूस होते. युद्धामुळे राहिलेली डॉक्टरेटही सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाने २००३ला मानद म्हणून दिली. वय तेव्हा ८९. उशीर किती झाला याचा हिशेब विद्यापीठानेच करावा.

---

डेन्व्हरकर

आम्ही कोलोरॅडोतून मोंटानाला गाडीने जाताना त्या रणभूमीवर थांबतो, त्यामुळे थोडी भर.

तिथे पूर्वी फक्त सातव्या घोडदळाचं स्मारक होतं आणि जागेचं नावही कस्टरचंच. १९९१च्या कायद्याने ते बदलून लिटल बिगहॉर्न झालं आणि मूलनिवासींच्या स्मारकाची तरतूद झाली. ते प्रत्यक्ष उभं राहून २५ जून २००३ला त्याचं लोकार्पण झालं. गोल मातीचा बांध आहे, आत लाकोटा, शायेन, अरापाहो आणि दुसऱ्या बाजूने असलेले क्रो, अरिकारा अशा सगळ्यांची नावं. जे एकमेकांविरुद्ध लढले त्यांची नावं एकाच वर्तुळात. गवतात जिथे सैनिक पडले तिथे पांढरे दगड आहेत. लाकोटा-शायेन योद्ध्यांचे लालसर दगड फार नंतर बसवले.

जवळच हार्डिन गावात जूनच्या शेवटी लढाईचा प्रयोग होत आलाय. त्याची संहिता जोने १९६४ला लिहिली. लढाईची बाजू मूलनिवासींच्या नजरेतून मांडणारी. गंमत अशी की लाकोटा आणि शायेन योद्धे म्हणून घोडे दौडवणारे स्वार कितीतरी वेळा क्रो असतात. म्हणजे कस्टरच्या वाटाड्यांचे नातू-पणतू कस्टरला पाडतात.

---

विद्रोही_वाटसरू

हे भारी आहे. पण तिकीट लावून पर्यटकांना आपल्या इतिहासाचा तमाशा दाखवणं नाही का झालं?

---

डेन्व्हरकर

तिकीट आहे, धूळ आहे, कस्टरवर टाळ्याही पडतात. पण मी तरी तिथे प्रेक्षकांत क्रो कुटुंबंच्या कुटुंबं बघितली. पोरं घोड्यावरच्या मामाला हाका मारत होती. सगळं पर्यटकांसाठी चाललंय असं वाटलं नाही.

---

सुभेदाराची_लेक

त्या 'मामा' म्हणणाऱ्या जर्मन पोराची गोष्ट पुन्हा वाचली. यादीत मारणं नाही, हे माळरान यांनी लिहिलंय ते खरंच महत्त्वाचं. आमच्या घरी शौर्यपदकांची चर्चा निघाली की किती लोळवले हाच पहिला प्रश्न असायचा पाहुण्यांचा. वडील उठून चहाचं बघायला जायचे.

---

उलटतपासणी

ताई, हे वाचून माझा पुराव्याचा हट्ट थोडा सैल पडला. शंका कायम, पण गोष्ट रचायचीच असती तर शत्रूला सोडून दिल्याचं कशाला रचलं असतं? पन्नास घोड्यांबरोबर पन्नास मुडदेही घालता आले असते.

---

पाचवा_कोपरा

माळरान, ते यलोटेल आजोळ मध्येच सोडलंत. आईचं माहेर म्हणून नुसता उल्लेख आहे.

---

माळरान

कारण त्याला वेगळा धागाच लागेल. जोचे मामा रॉबर्ट यलोटेल. १९३४ला आपल्याच राखीव प्रदेशाचा सरकारी अधीक्षक झालेला पहिला मूलनिवासी माणूस. त्याआधी तरुणपणी सिनेटपुढे जाऊन क्रो जमीन गोऱ्या वसाहतवाल्यांना खुली करायचा डाव हाणून पाडण्यात मोठा वाटा. पुढे बिगहॉर्न नदीवर धरण बांधायचं ठरलं तेव्हा त्यालाही कडाडून विरोध. धरण झालंच, १९६७ला पुरं झालं. नाव काय दिलं असेल? यलोटेल धरण.

---

रेवदंडा_रिटर्न्स

😳 विरोधकाचंच नाव?

---

माळरान

हो. म्हणून म्हटलं, वेगळा धागा. पुढच्या आठवड्यात टाकतो.

---

आतेबहीण

डेन्व्हरकर, ऑगस्टमध्ये लेकीकडे येतेय, सॉल्ट लेकला. तिथून हे सगळं बघायचं तर कधी जावं? जूनचा प्रयोग तर चुकणार.

---

डेन्व्हरकर

ऑगस्टच उत्तम! तिसऱ्या आठवड्यात क्रो एजन्सीला क्रो फेअर असते, १९०४पासूनची जत्रा. नदीकाठी हजाराच्या वर टिपी तंबू उभे राहतात. सकाळी घोड्यांवरून मिरवणूक निघते, दुपारी रोडिओ आणि शर्यती, रात्री नाच. आय-९० महामार्ग अगदी शेजारून जातो, रणभूमी तिथून जवळच. मुक्काम मात्र हार्डिनला किंवा बिलिंग्जला आत्तापासून धरून ठेवा, जत्रेच्या दिवसांत खोली मिळत नाही. बिलिंग्जला जोच्या नावाची मिडल स्कूलही आहे, २०१६ची. आणि फोटो काढायच्या आधी विचारा. नाचाच्या पोशाखातल्या माणसांना न विचारता काढलेले आवडत नाहीत.

---

आतेबहीण

लेकीला लिंक पाठवली. जावई म्हणतोय आठ-नऊ तासांचा रस्ता आहे, पण घोडे आहेत म्हटल्यावर नातू तयार झालाय.